खुंटावर झाडलेली एक गोळी

विल्यम फॉकनरची ‘द बेअर’ ही दीर्घकथा आम्ही गेली काही वर्षे तौलनिक साहित्याच्या तासाला शिकवीत आहोत. १९४२ साली ‘गो डाउन, मोझेस’ या ग्रंथात ती समाविष्ट झाली. मिसिसिपीचे अरण्य, त्यातले कुणालाही न सापडणारे म्हातारे अस्वल, आयझॅक मॅककॅसलिन हा मुलगा आणि त्याला अरण्याची ओळख करून देणारा सॅम फादर्स, एवढे सांगितले तरी ती वाचलेल्यांना सारे आठवेल. ही कथा शिकवताना थांबायची ठिकाणे ठरलेली असतात. मुलगा बंदूक मागे ठेवून अरण्यात शिरतो, तेवढ्याने भागत नाही म्हणून घड्याळ आणि होकायंत्रही झुडपाला टांगून ठेवतो, आणि मग त्याला अस्वल दिसते. येथे आम्ही थांबतो, फळ्यावर ‘निसर्ग × संस्कृती’ असे लिहितो, विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि परीक्षेत आम्हालाच परत करतात. हा व्यवहार वर्षानुवर्षे सुरळीत चालू होता.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तो बिघडवला. अस्वल दिसण्याच्या बरेच आधी, मुलगा प्रथमच एकटा उभा असताना, कथेत त्याच्या हातातल्या बंदुकीचे वर्णन येते. ती त्याला फार मोठी आहे, ती त्याची नाही, मेजर द स्पेनची आहे. आणि ती त्याने आजवर एकदाच, पहिल्या दिवशी, एका खुंटावर झाडलेली आहे. कशासाठी, तर तिचा मागे बसणारा धक्का कसा असतो आणि ती पुन्हा भरायची कशी, हे कळावे म्हणून. विद्यार्थिनीचा प्रश्न साधा होता. “सर, एकच गोळी का? आणि खुंटावर का?” आम्ही ‘दीक्षाविधी’ हा शब्द उच्चारला. तिने मान हलवली, पण ती मान हलवणे आदरापोटी होते, पटल्यामुळे नव्हे. हा फरक वीस वर्षे शिकवणाऱ्याला ओळखता येतो.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला जे समजले, त्यावरून आमचे एक मत बनले आहे. शिकारीच्या साहित्याची समीक्षा बंदुकीला लगेच प्रतीक करून टाकते आणि ती ज्या खांद्यावर टेकलेली असते तो खांदा विसरते. त्यामुळे प्रतीकही नीट वाचले जात नाही.

मुळात हा धक्का आहे तरी काय? नववीच्या विज्ञानात बंदूक आणि गोळी यांचे गणित सर्वांनीच सोडवलेले असते. गोळीला पुढे जो संवेग मिळतो तितकाच बंदुकीला मागे मिळतो. १९०६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेले आणि पुढे तिथल्या शिकाऱ्यांचे लाडके झालेले ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे काडतूस घेतले, तर साधारण दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेआठशे मीटरहून अधिक वेगाने जाते आणि साडेतीन किलोची रायफल सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर वेगाने खांद्यात घुसते. ऐंशी किलोच्या माणसाला ते सोसते. बारा वर्षांच्या, पस्तीस किलोच्या मुलाला तोच आकडा अगदी वेगळा अनुभव देतो. त्यात रायफलीचा दस्ता मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाने बनवलेला असतो. मुलाला चापापर्यंत पोहोचण्यासाठी मान ताणावी लागते, दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकतो, आणि धक्का मांसल भागाऐवजी हाडावर बसतो. वर दुर्बीण असेल आणि डोळा तिच्या फार जवळ असेल, तर भुवईवर अर्धचंद्राकृती जखम उमटते. अशी खूण कपाळावर वागवणारे शिकारी अमेरिकेत पुष्कळ आहेत आणि ते ती हसत हसत दाखवतात.

परंतु खरी हानी दुसरीच आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. दारू पेटल्यावर गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाच्या एक-दोन सहस्रांशाहून अधिक वेळ लागत नाही. तोवर बंदूक फार तर एक-दोन मिलिमीटर मागे सरकलेली असते. नेमबाजाला धक्का जाणवतो तेव्हा गोळी कधीच निघून गेलेली असते. म्हणजे धक्क्याने त्या गोळीचा नेम चुकत नाही. नेम चुकतो तो धक्का येणार या जाणिवेने. एकदा मार बसलेले शरीर पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणीच आवळते, डोळे मिटतात, खांदा पुढे झेपावतो, नळीचे तोंड खाली जाते. याला आपण धक्क्याआधीचा दचका म्हणू. बाळबोध त्रैराशिक केले तरी त्याचा परिणाम कळतो. साठ सेंटिमीटर लांबीच्या नळीचे तोंड दोन मिलिमीटर खाली गेले, तर शंभर मीटरवर गोळी सुमारे तेहतीस सेंटिमीटर खाली जाते, म्हणजे एक फुटाहून जास्त. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीतला मर्मभाग वीस-पंचवीस सेंटिमीटरचा असतो. खांद्यामागे नेम धरलेली गोळी त्याचा पाय मोडते किंवा नुसतीच पोटाखालची माती उडवते. हरीण थोडे तिरके उभे असेल तर पोट फाडते. पोटात गोळी लागलेले हरीण लगेच मरत नाही. ते झाडीत शिरते आणि काही तास जगते.

वर्गात कुणी ना कुणी विचारतेच, की मुलाला मारायला शिकवण्याची इतकी चर्चा आपण का करावी? आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न निदान कागदावर तरी मिटवला. पण जिथे ती कायदेशीर आहे, अनेक राज्यांत मुलांसाठी हरणाच्या शिकारीचे खास दिवस राखून ठेवले जातात आणि मुलगा बापाचा हात धरून रानात जाणारच आहे, तिथे त्याच्या खांद्याची काळजी आणि हरणाच्या यातना या एकाच दोरीची दोन टोके आहेत. शिकारीचा विरोध करणाऱ्यानेही हे गणित नाकारू नये.

आता ती काळजी घेतात कशी? जाणते बाप आणि शिक्षक जे करतात त्यात कसलेही गूढ नाही. ते मुलाला आधी .२२ची रायफल देतात. तिला धक्का जवळजवळ नसतोच. शेकडो गोळ्या तिच्यावर होतात, हात आणि डोळा तिच्यावर तयार होतात. पुढे हरणासाठी मोठे काडतूस लागतेच, तेव्हा .२४३ विंचेस्टरसारखे मध्यम काडतूस निवडतात. १९५५ साली बाजारात आलेल्या या काडतुसाचा धक्का आधी सांगितलेल्या काडतुसाच्या साधारण निम्मा असतो आणि मध्यम हरणासाठी ते पुरते. दस्ता कापून मुलाच्या मापाचा करतात, त्याच्या टोकाला रबराची गादी लावतात. बंदूक हलकी म्हणजे मुलाला सोयीची, हा समज ते सोडून देतात, कारण हलकी बंदूक वाहायला सोपी असली तरी झाडताना अधिक जोराने बसते. कानात बोळे आणि वर जाड आवरणे, अशी दुहेरी तजवीज करतात. दचक्याचे निम्मे मूळ आवाजात असते, खांद्यात नसते, हे पुष्कळांना उशिरा उमगते. मेजावर बंदूक टेकवून, वाकून, शरीर जखडून घेतलेल्या सरावात सगळा धक्का खांद्यालाच सोसावा लागतो. उभ्याने झाडली तर शरीर मागे झुलते आणि धक्का पसरतो. म्हणून मुलाला उभे करतात. आणि मोठ्या बंदुकीच्या गोळ्या मोजून देतात. एका दिवसाला तीन, चार, फार तर पाच. खांदा दुखू लागल्यावर सराव थांबवणे म्हणजे उशीर झालेला असतो. दुखण्याच्या आधी थांबायचे असते.

एक युक्ती मात्र आम्हाला शिक्षक म्हणून फार आवडली. बाप मुलाला पाठमोरा ठेवून बंदूक भरतो. कधी खरे काडतूस घालतो, कधी दारू नसलेले नकली. मुलाला ठाऊक नसते. तो नेम धरतो, चाप ओढतो, आणि नुसतीच ‘टक्’ होते. त्या क्षणी नळीचे तोंड खाली गेले तर ते त्याचे त्यालाच दिसते. धक्का नव्हता, आवाज नव्हता, तरी हात हलला. कुणी रागवावे लागत नाही, कुणी समजावावे लागत नाही. स्वतःची भीती इतक्या निर्मळपणे स्वतःला दाखवणारी परीक्षापद्धती आमच्या विद्यापीठीय जगात तरी आमच्या पाहण्यात नाही. असो.

दुसऱ्या बाजूला वेगळी परंपरा आहे, आणि ती केवळ अमेरिकेची नाही. मुलाच्या हाती मुद्दाम मोठी बंदूक द्यायची, त्याला न सांगता झाडायला लावायची, तो मागे कोलमडला की सगळ्यांनी हसायचे. आता त्याचे चित्रण करून जगालाही हसवतात. यामागचे तत्त्वज्ञान आपल्याला परके नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण मुलांना किती सहज ऐकवतो! दगडाच्या बाबतीत ती खरी असेल. पण दगडाला पुढचा घाव येण्याआधी अंग चोरता येत नाही. मुलाला येते. धक्के खाऊन खांदा कणखर होत नाही, तो धूर्त होतो. मार येण्याच्या आधीच निसटायला शिकतो. घंटेचा आवाज आणि अन्न यांची सांगड घालणाऱ्या पावलॉव्हच्या कुत्र्याला जे झाले, तेच येथे होते. फरक इतकाच, की येथे कुत्र्याच्या जागी आपला मुलगा असतो.

आमच्यापैकी एकाने विद्यार्थिदशेत एका शिबिरात जुनी .३०३ रायफल पाच वेळा झाडली होती. पहिली गोळी कुठे गेली ते आठवत नाही, पण मागच्या रांगेतले हसणे आठवते. उरलेल्या चार गोळ्या डोळे मिटून झाडल्या. खांद्यावरचा निळा डाग आठवड्यात गेला.

हसण्याचा उल्लेख निघालाच आहे तर ऑर्वेलकडे वळणे भाग आहे. १९३६ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ‘शूटिंग अ‍ॅन एलिफंट’ हा निबंध आपल्याकडे अनेक ठिकाणी अभ्यासाला असतो आणि तो साम्राज्यवादाचे विच्छेदन म्हणून शिकवला जातो. तसा तो आहेच. पण त्यात निवेदक चाप ओढतो त्या जागी एक बारीक निरीक्षण आहे: गोळी वर्मी लागते तेव्हा झाडणाऱ्याला आवाजही ऐकू येत नाही आणि धक्काही जाणवत नाही. ही गोष्ट शिकारी नेहमी सांगतात. समोर जनावर असताना लक्ष सगळे तिकडे असते, धक्का जाणवतच नाही. धक्का जाणवतो सरावात, लाकडी फळीपुढे, जिथे लक्ष द्यायला दुसरे काही नसते. म्हणजे दचका शिकला जातो सरावाच्या जागी आणि त्याची किंमत चुकवतो तो रानातला प्राणी.

ऑर्वेलच्या निबंधात याहूनही कडवट काही आहे. ज्या गोळीला निवेदक वर्मी लागलेली म्हणतो, तिच्यानंतरही तो झाडत राहतो, आणि तरीही हत्तीला मरायला अर्धा तास लागल्याचे त्याला मागाहून कळते. हत्तीचा मेंदू नेमका कुठे असतो हे त्याला नीट माहीत नव्हते, हे तोच सांगतो. पुढे जाऊन, जमिनीचा अंदाज घेऊन, जनावर कसे वागते ते पाहून मग काय ते ठरवायचे, हा शहाणपणा त्याला सुचलेला असतो. तो तसे करत नाही, कारण पाठीमागे दोन हजारांचा जमाव आहे आणि फजिती झाली तर तो हसेल. बंदुकीचा धक्का त्याला जाणवलाच नाही. जाणवला तो मागच्या हसण्याचा, आणि तोही ते हसणे प्रत्यक्षात येण्यापूर्वी. धक्क्याआधीचा दचका याहून नेमका कुठे वर्णिलेला आमच्या वाचनात नाही, आणि निबंध शिकवताना आम्ही हे वाक्य वर्षानुवर्षे ओलांडून जात होतो, हेही कबूल केले पाहिजे.

याच्या उलट चित्र जिम कॉर्बेटच्या ‘जंगल लोअर’मध्ये सापडते. कॉर्बेट मराठी वाचकाला नवा नाही. पण नरभक्षकांच्या कथांपुढे १९५३चे हे बालपणाचे पुस्तक मागे पडते. नैनिताल आणि कालाढुंगीच्या परिसरात वाढलेल्या या मुलाच्या हाती पहिली बंदूक आली ती नात्यातल्या एका भावाकडून: ठासणीची, दोन नळ्यांची, त्यातली एक फुटलेली आणि दस्ता तारेने बांधलेला. मोडकी म्हणून ती मुलाच्या वाट्याला आली. पण तिच्यात दारू किती ठासायची हे भरणाऱ्याच्या हाती असते, आणि दारू कमी तर धक्का कमी. ठासणीच्या बंदुकीचा हा फायदा काडतुसांच्या युगात गेला. पुढे दहाव्या वर्षी शालेय पथकात त्याला सैनिकी मार्टिनी झाडावी लागली. ही .४५०ची बंदूक मोठ्या सैनिकांमध्येही तिच्या धक्क्याबद्दल कुप्रसिद्ध होती. तपासणीला आलेल्या पाहुण्यासमोर झाडताना हा लहानगा घाबरला आणि त्याचा नेम चुकू लागला, तेव्हा तो पाहुणा त्याच्याजवळ आला आणि शांतपणे धीराचे चार शब्द बोलला. हा पाहुणा म्हणजे पुढे फील्ड मार्शल झालेला रॉबर्ट्स. त्यानंतरच पथकाच्या सार्जंट-मेजरने मुलाला एक मार्टिनी वापरायला दिली.

या प्रसंगाचे आम्हाला अप्रूप वाटते ते त्यातल्या थोर माणसामुळे नाही. काडतूस तेच, बंदूक तीच, खांदा तोच. बदलले ते एवढेच, की मुलाच्या पाठीमागे उभे असलेले कुणीतरी त्याच्या बाजूला आले. या जागेवर समीक्षकांनी काही लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही, आणि कॉर्बेटला ‘साहित्यिक’ मानावे की नाही यावर मात्र आम्ही दोन चर्चासत्रे ऐकली आहेत!

ग्रामीण कादंबरी शिकवताना आम्ही मोट, नाडा, शिवळा, औत यांची टिपणे काढून देतो. मोटेच्या बैलांना मागे सरताना त्रास होतो की पुढे जाताना, हे कळल्याशिवाय त्या कादंबरीतला घाम कळत नाही, हे आम्हाला मान्य असते. मग परदेशी कथेतली बंदूक हाती आली की आम्ही वस्तू ओलांडून थेट अर्थाकडे का धावतो? तिचे वजन, तिचा दस्ता, तिचा धक्का हे सारे ‘तांत्रिक’ आणि म्हणून वाङ्मयबाह्य, असे आम्हीच ठरवलेले असते. लेखकाने तसे ठरवलेले नसते. फॉकनर स्वतः शिकारीला जाणारा माणूस होता. ‘धक्का कळावा म्हणून’ हे शब्द त्याने वाक्य लांबवण्यासाठी घातलेले नाहीत (वाक्य लांबवण्याच्या त्याच्या इतर युक्त्या सर्वांना ठाऊक आहेतच).

ते शब्द आता पुन्हा वाचून पाहावेत. बंदूक मुलाला मोठी आहे, म्हणजे या बाबतीत त्याच्या माणसांनी चूकच केली आहे. त्याच्या मापाची बंदूक त्या दिवशी त्याच्यापाशी नव्हती. पण गोळी एकच झाडवली, हे जाणत्याचे काम आहे. कळण्यापुरता धक्का दिला, भिण्यापुरता दिला नाही. झाडवली ती खुंटावर. खुंटावर नेम चुकला तरी काही जखमी होऊन झाडीत जात नाही. आणि हे पहिल्या दिवशी, म्हणजे रानात उभे करण्याच्या आधी. याच पुस्तकातल्या ‘द ओल्ड पीपल’ या कथेत मुलगा पहिले हरीण मारतो आणि सॅम त्याच्या चेहऱ्याला त्या हरणाचे रक्त फासतो. दीक्षाविधी म्हणून सगळे समीक्षक या रक्ताकडे बोट दाखवतात. आमच्या मते त्या दीक्षेचा पाया खुंटावरच्या गोळीत आहे. तिथे जर मुलगा कोलमडला असता आणि छावणीतली मोठी माणसे हसली असती, तर पुढे त्याने अस्वलावर बंदूक न चालवणे, ती मागे ठेवून रानात जाणे, या सगळ्याला भीतीचा वास आला असता. ज्याला बंदूक झाडता येते आणि झाडायची भीती वाटत नाही, त्यानेच ती मागे ठेवण्याला काही अर्थ आहे. ‘निसर्ग × संस्कृती’ हे फळ्यावरचे समीकरण त्यानंतर लिहायला आमची हरकत नाही.

एवढे झाल्यावर आम्ही सत्रान्त परीक्षेसाठी पाच गुणांचा एक प्रश्न काढला: ‘मुलाने पहिल्या दिवशी खुंटावर गोळी झाडली या तपशिलाचे कथेतील कार्य स्पष्ट करा.’ प्रश्नपत्रिका पाहणाऱ्यांनी तो ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ असा शेरा मारून वगळला आणि त्या जागी आयझॅकच्या व्यक्तिरेखेवर टीप मागितली. यंदा तोच प्रश्न आम्ही पुन्हा पाठवला आहे.